अल्फा पेशी वाचते, शेजारची बीटा पेशी का मरते?

तुमचा प्रश्न मी आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढचे उत्तर कशाचे आहे ते इतर वाचकांनाही कळेल. तुमच्या ९ वर्षांच्या मुलाला गेल्या वर्षी टाइप १ मधुमेह झाला. सासर-माहेर दोन्हीकडे हा आजार कुणाला नाही. तुम्ही कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवता, त्यामुळे ‘शरीर स्वतःच्याच पेशींवर हल्ला करते’ एवढ्या स्पष्टीकरणाने तुमचे समाधान झाले नाही. हल्ला प्रतिकारसंस्थेचा असेल, तर स्वादुपिंडातल्या असंख्य पेशींमधून नेमक्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीच का मरतात, आणि जनुकांचा दोष हल्ला करणाऱ्यांत आहे की ज्या ऊतीवर हल्ला होतो तिच्यात, असे तुम्ही विचारले आहे. त्यामागे ५ वर्षांच्या धाकट्या मुलीची काळजी आहे, हेही तुम्ही लिहिले आहे.

सरळ उत्तर असे, की जनुके दोन्हीकडे काम करतात, आणि पुष्कळदा एकच जनुक दोन्हीकडे काम करत असते. बीटा पेशी ही या आजारात नुसती बळी पडणारी नसते. आपल्यावरचा हल्ला ओढवण्यात, तो सोसण्यात किंवा न सोसण्यात तिचाही वाटा असतो. मी शिकत होतो तेव्हा हे असे शिकवले जात नव्हते. त्या काळी बीटा पेशी निरपराध आणि निष्क्रिय मानली जात असे, आणि सगळे लक्ष टी पेशींवर, म्हणजे प्रतिकारसंस्थेच्या हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींवर होते. गेल्या १५-२० वर्षांत हे चित्र बरेच बदलले आहे.

जुनी समजूत निराधार होती असे मात्र नाही. १९६५ मध्ये बेल्जियमच्या विली गेप्ट्स यांनी निदानानंतर लवकरच दगावलेल्या तरुण रुग्णांची स्वादुपिंडे तपासली, तेव्हा लँगरहॅन्सच्या बेटांभोवती, म्हणजे अल्फा-बीटा पेशींच्या पुंजक्यांभोवती, लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींचा गराडा दिसला. १९७४ मध्ये या बेटांविरुद्धची प्रतिपिंडे रक्तात सापडली, आणि त्याच वर्षी आजाराचा एचएलए जनुकांशी असलेला संबंधही पुढे आला. ही जनुके ६ व्या गुणसूत्रावर असतात, आणि टाइप १ मधुमेहाच्या आनुवंशिक धोक्याचा सुमारे निम्मा भाग एकट्या या पट्ट्यात साठलेला आहे. एचएलए प्रथिन म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरची एक ओंजळ समजा. त्या ओंजळीत प्रथिनांचे तुकडे धरून ते टी पेशींना दाखवले जातात. ओंजळीचा आकार कसा आहे यावर कोणता तुकडा तिच्यात घट्ट बसेल आणि कोणता निसटेल हे ठरते. १९८७ मध्ये दिसून आले, की डीक्यू या एचएलए प्रथिनाच्या बीटा साखळीत ५७ व्या जागी ॲस्पार्टिक आम्ल असेल तर धोका बहुधा कमी राहतो आणि तिथे दुसरे अमिनो आम्ल आले तर वाढतो. डीआर३ आणि डीआर४ हे दोन्ही गट, म्हणजे एक आईकडून आणि एक वडिलांकडून, ज्या मुलाला मिळतात त्याचा धोका सर्वांत जास्त असतो. उलट डीक्यू६ चे एक रूप इतके संरक्षक आहे, की ते असलेल्या मुलाला हा आजार क्वचितच होतो.

पण एचएलएने एवढेच कळते, की हल्ला होण्याची शक्यता का वाढली. तो हल्ला बीटा पेशीवरच का, याचा पहिला दुवा इन्सुलिनच्या जनुकात सापडतो. हे जनुक ११ व्या गुणसूत्रावर आहे आणि त्याच्या आधीच्या भागात डीएनएचा एक छोटा तुकडा पुन्हा पुन्हा येतो. काही माणसांत तो साधारण २६ ते ६३ वेळा येतो, काहींत १४० ते २१० वेळा. लहान रूप धोक्याचे, लांब रूप संरक्षक. याचे कारण १९९७ मध्ये कळले आणि मला ते आजही फार सुंदर वाटते. छातीतल्या थायमस ग्रंथीत टी पेशींची निवड होते. शरीराच्या स्वतःच्या प्रथिनांना जोरात चिकटणाऱ्या टी पेशी तिथेच बाद केल्या जातात. त्यासाठी थायमस स्वतः थोडेसे इन्सुलिन तयार करते, केवळ ओळख पटवण्यापुरते. लांब रूप असलेल्या माणसाच्या थायमसमध्ये हे प्रमाण दोन ते तीन पट अधिक असते. म्हणजे बीटा पेशीचे सर्वांत खास जनुक दूर थायमसमध्ये किती बोलते, यावर पुढे तिचे रक्षण अवलंबून राहते. जनुक ऊतीचे की प्रतिकारसंस्थेचे, या तुमच्या प्रश्नाला इथेच पहिला तडा जातो.

आता एक प्रयोग सांगतो, जो कुणी प्रयोग म्हणून केला नव्हता. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९८० च्या दशकात टाइप १ मधुमेहाच्या काही रुग्णांना त्यांच्या एकसारख्या जुळ्या भावंडांनी स्वादुपिंडाचा तुकडा दिला. जनुके तंतोतंत तीच असल्याने अवयव नाकारला जाणार नव्हता, म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दिली गेली नाहीत किंवा अगदी कमी दिली. मधुमेह काही काळ गेला आणि परत आला. तुकडा तपासला तेव्हा बेटांभोवती तोच गराडा होता. बीटा पेशी गेल्या होत्या, पण ग्लुकागॉन बनवणाऱ्या अल्फा पेशी शाबूत होत्या.

या घटनेकडे दोन बाजूंनी पाहावे लागते. निरोगी जुळ्याच्या शरीरात अनेक वर्षे सुखरूप असलेल्या त्याच पेशी, त्याच जनुकांसह, दुसऱ्याच्या शरीरात मेल्या. म्हणजे एकट्या ऊतीच्या जनुकांनी आजार होत नाही. प्रशिक्षित, आठवण ठेवणाऱ्या टी पेशी हव्यातच. मात्र त्याच टी पेशींच्या गराड्यात अल्फा पेशी जगल्या, म्हणजे एकट्या टी पेशींच्या असण्यानेही सगळे ठरत नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार झाला तर दुसऱ्यालाही होण्याचे प्रमाण बहुतेक अभ्यासांत ३० ते ५० टक्क्यांच्या घरात येते आणि पाठपुरावा दीर्घकाळ केला तर ते आणखी वाढते. जनुकांना यात मोठे स्थान आहे, पण शेवटचा शब्द त्यांचा नाही.

अल्फा पेशी आणि बीटा पेशी एकाच बेटावर, एकाच रक्तपुरवठ्यावर, शेजारी शेजारी राहतात आणि त्यांचे डीएनए एकच असते. फरक कोणती जनुके चालू आहेत यात असतो. बीटा पेशीचे काम अमानुष म्हणावे इतके जड आहे. जेवणानंतर साखर वाढली की एकेक बीटा पेशी मिनिटाला प्रोइन्सुलिनचे, म्हणजे इन्सुलिनच्या कच्च्या रूपाचे, सुमारे १० लाख रेणू तयार करू शकते. हे सगळे रेणू आंतर्द्रव्यजालिकेत, म्हणजे पेशीतल्या प्रथिने घडवणाऱ्या जाळ्यात, नीट घडी घालून बसावे लागतात. घडी चुकलेल्या रेणूंचा ढीग साठला की पेशीवर ताण येतो. तो आवरला नाही तर पेशी स्वतःच्या मृत्यूची यंत्रणा चालू करते. शिवाय ताणाखाली तयार होणारी काही प्रथिने किंचित बिघडलेली असतात. त्यांत अमिनो आम्ले बदललेली असतात, किंवा इन्सुलिनचा तुकडा दुसऱ्याच प्रथिनाच्या तुकड्याला चिकटलेला असतो. अशी प्रथिने थायमसने कधी पाहिलेलीच नसतात, त्यामुळे त्यांना ओळखणाऱ्या टी पेशी बाद झालेल्या नसतात. पेशीचा ताण आणि प्रतिकारसंस्थेचा गैरसमज असे एकमेकांत गुंतलेले आहेत. उंदरांच्या बीटा पेशींत ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापासून वाचवणारी विकरेही इतर ऊतींच्या तुलनेत फारच कमी आढळली आहेत.

ऊतीचा दुबळेपणा एकटाच असला तर काय होते, हे पाहायला निसर्गाने एक उदाहरण ठेवले आहे. वोल्फ्रॅम सिंड्रोम या दुर्मीळ आजारात डब्ल्यूएफएस१ नावाच्या एका जनुकातल्या दोषामुळे आंतर्द्रव्यजालिकेचा ताण आवरत नाही. मुलांना लहानपणीच इन्सुलिन लागते आणि पुढे दृष्टीची नस सुकू लागते; प्रतिपिंडे मात्र मिळत नाहीत, गराडाही नसतो. म्हणून ‘टाइप १’ म्हणून आलेल्या मुलाची सर्व प्रतिपिंडे नकारात्मक असतील आणि त्याला फळ्यावरचे दिसत नसेल, तर मी डोळ्यांची तपासणी लांबणीवर टाकत नाही. याच्या उलट टोकाला एआयआरई जनुकाचा दोष आहे. त्यात थायमसमधली ओळखपरेडच बिघडते आणि शरीरभर हल्ले होतात, तरी या रुग्णांपैकी थोड्यांनाच मधुमेह होतो; पॅराथायरॉइड आणि अधिवृक्क ग्रंथी बहुधा आधी जातात. प्रतिकारसंस्थेची शिस्त एवढी मोडूनही बीटा पेशी बऱ्याच जणांत टिकते, ही गोष्ट मला नेहमी विचार करायला लावते.

तुमच्या मुलाचा आजार या दोन टोकांच्या मधला आहे. अशा आजारात एका जनुकाचा मोठा दोष नसतो, अनेक जनुकांतले छोटे बदल एकत्र येतात. त्यांची यादी जसजशी वाढली, तसतसे संशोधकांना वाटत गेले की ही बहुतेक जनुके टी आणि बी पेशींचीच असणार. २०१२ मध्ये ब्रसेल्सच्या डेसिओ आयझिरिक यांच्या गटाने मानवी बेटांमधल्या चालू जनुकांची मोजदाद केली, तेव्हा टाइप १ शी जोडलेल्या जनुकांपैकी निम्म्याहून अधिक तिथेही चालू असल्याचे दिसले. त्यातली तीन-चार उदाहरणे सविस्तर सांगण्याजोगी आहेत.

आयएफआयएच१ या जनुकापासून बनणारे प्रथिन पेशीत शिरलेल्या विषाणूचा आरएनए ओळखते आणि इंटरफेरॉनचा, म्हणजे विषाणूचा इशारा देणाऱ्या प्रथिनाचा, गजर करते. ज्यांच्यात हे प्रथिन दुर्मीळ बदलांमुळे निकामी झाले आहे त्यांना टाइप १ मधुमेह कमी होतो, हे २००९ मध्ये दिसले. पहिल्यांदा वाचताना हे उलटे वाटते; पण कॉक्सॅकी बी हा आतड्यातून पसरणारा विषाणू बीटा पेशीत सहज शिरतो, कारण त्याला लागणारी कडी बीटा पेशीच्या पृष्ठभागावर भरपूर असते. गजर जितका मोठा आणि जितका वेळ वाजेल, तितके नुकसान विषाणूपेक्षा गजराने होण्याची भीती जास्त. अल्फा पेशी अशा विषाणूला लवकर आणि नीट आवरते, असे उंदरवर्गीय प्राण्यांच्या पेशींवर दिसले आहे.

दुसरे जनुक पीटीपीएन२. याचे काम इंटरफेरॉनचा संदेश पेशीच्या आत पोहोचल्यावर वेळेत थांबवणे. धोक्याच्या रूपात हा लगाम ढिला पडतो. टी पेशीत लगाम ढिला झाला तर ती जास्त आक्रमक होते. बीटा पेशीत ढिला झाला तर तोच संदेश तिला मृत्यूकडे ढकलतो. एकच बदल मारणाऱ्याचा हात बळकट करतो आणि मरणाऱ्याची ढाल पातळ करतो. तुम्हाला वर्गात ‘दोन्हीकडे काम करणारे जनुक’ समजावायचे असेल तर याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. टीवायके२ याच संदेशवहनातले आहे. त्याचे एक कमी क्षमतेचे रूप टाइप १ पासून संरक्षण देते.

इंटरफेरॉनचा बीटा पेशीवर होणारा आणखी एक परिणाम सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्यक्ष दिसतो. बाधित बेटांवर एचएलए वर्ग १ ची प्रथिने भरमसाट वाढलेली असतात. ग्लासगोच्या ॲलन फाउलिस यांनी हे १९८० च्या दशकात नोंदवले होते. वर सांगितलेल्या ओंजळी जणू हजारोंनी वर आलेल्या असतात आणि प्रत्येकीत आतल्या इन्सुलिनचे तुकडे असतात. मारक टी पेशी नेमके हेच शोधत असतात. शेजारच्या अल्फा पेशींवरही या ओंजळी वाढतात, पण त्यांत इन्सुलिनचे तुकडे नसतात. तुमच्या ‘नेमक्या बीटा पेशीच का’ या प्रश्नाचे मोठे उत्तर, माझ्या मते, इथे आहे.

तिसरे जनुक ग्लिस३, आणि ते पूर्णपणे ऊतीचे म्हणावे असे. त्याचे दोन्ही संच पार बिघडले तर बाळ जन्मतःच मधुमेह आणि थायरॉइडची कमतरता घेऊन येते. त्यातले सामान्य, सौम्य बदल टाइप १ आणि टाइप २ या दोन्ही मधुमेहांशी जोडलेले आहेत. टाइप १ च्या संशोधनात एनओडी नावाची उंदरांची जात १९८० पासून वापरली जाते. त्यांच्या बीटा पेशी मुळातच नाजूक असतात आणि त्यामागे ग्लिस३ चाही हात आहे, हे २०१६ मध्ये लुव्हेनच्या गटाने दाखवले. आपण टाइप १ आणि टाइप २ यांना अगदी वेगळ्या फळ्यांवर ठेवतो, आणि उपचारासाठी ते योग्यच आहे. पण बीटा पेशीची सोसण्याची ताकद हा दोन्हींचा समान पाया आहे. २०२१ मध्ये एकेका पेशीचे जनुकीय नियमन तपासणाऱ्या एका अभ्यासात तर धोक्याचे काही बदल स्वादुपिंडाच्या पाचकरस बनवणाऱ्या आणि वाहून नेणाऱ्या पेशींतही काम करतात असे दिसले. टाइप १ च्या रुग्णांचे स्वादुपिंड आकाराने लहान असते हे आम्हाला ठाऊक होते, त्याचा एक धागा कदाचित तिथे असेल.

ही बहुतेक माहिती युरोपीय वंशाच्या लोकांवरून आलेली आहे, म्हणून ती आपल्याकडे जशीच्या तशी लावताना जपावे लागते. पीटीपीएन२२ या जनुकाचा युरोपात गाजलेला धोक्याचा बदल भारतीयांत विरळ आहे. डीआर३ आपल्याकडेही धोक्याचाच, पण तो ज्या जनुकांच्या साखळीत बसून येतो ती साखळी युरोपातल्यापेक्षा वेगळी आहे, हे दिल्लीच्या एम्समधल्या कामातून कळले. पुण्याचे केईएम रुग्णालय, हैदराबादची सीसीएमबी ही जीवशास्त्र संशोधन संस्था आणि इंग्लंडचे एक्सेटर विद्यापीठ यांनी मिळून २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, युरोपीय माहितीवरून बनवलेला जनुकीय धोक्याचा गुणांक भारतीय रुग्णांतही टाइप १ आणि टाइप २ वेगळे ओळखायला उपयोगी पडला. मात्र काही जनुकांचे वजन इथे वेगळे निघाले.

जनुके तीच असूनही परिस्थिती किती फरक पाडते, याचे उदाहरण फिनलंडच्या सीमेवर आहे. फिनलंड आणि लगतचे रशियन करेलिया इथल्या लोकांत धोक्याचे एचएलए गट बरेच सारखे आहेत, तरी फिनलंडमधल्या मुलांत टाइप १ चे प्रमाण सुमारे ६ पट जास्त आढळले होते.

आता घरातल्या गोष्टीकडे येतो. हे निदान झाले की आपल्याकडे पुष्कळदा सुनेच्या माहेरची चौकशी सुरू होते. तुमच्या पत्रातल्या ‘आमच्याकडे कुणालाच नाही हो’ या वाक्यामागे ते दडपण मला दिसले. म्हणून स्पष्ट लिहितो. नव्याने निदान होणाऱ्या मुलांपैकी सुमारे ८५ ते ९० टक्के मुलांच्या जवळच्या नात्यात हा आजार कुणाला नसतो. धोक्याची रूपे दोन्ही बाजूंनी थोडी थोडी येतात, आणि ज्यांच्याकडून येतात ते बहुतेक जण आयुष्यभर निरोगी असतात. एवढेच नव्हे, तर टाइप १ झालेल्या वडिलांच्या मुलांना हा आजार होण्याचे प्रमाण अशा आईच्या मुलांपेक्षा जास्त आढळते. तुम्ही गर्भारपणात काय खाल्ले, मुलाला गोड किती दिले, याचा यात काही दोष नाही. हे पान घरातल्या वडीलधाऱ्यांना वाचून दाखवले तरी चालेल.

धाकटीचा धोका युरोपीय आकडेवारीनुसार साधारण ५ टक्के, म्हणजे तशा २० भावंडांपैकी १९ जणांना आजार होत नाही. तिची जनुके तपासून घ्यावीत असे मी सुचवणार नाही, कारण त्यातून हातात येणारे उत्तर ‘धोका थोडा कमी किंवा थोडा जास्त’ एवढेच असते. प्रतिपिंडांची तपासणी मात्र उपयोगी आहे. जीएडी, आयए-२, झेडएनटी८ आणि इन्सुलिन यांविरुद्धची प्रतिपिंडे ही ऊतीवर हल्ला खरोखर सुरू झाल्याची खूण आहे. दोन किंवा अधिक प्रकारची प्रतिपिंडे पक्की आढळलेल्या मुलांपैकी सुमारे ७० टक्क्यांना पुढच्या १० वर्षांत मधुमेह होतो. एकच आढळले तर धोका बराच कमी असतो. ५-६ वर्षांचे वय या तपासणीसाठी योग्य आहे. ती एखाद्या बालअंतःस्रावतज्ज्ञाच्या सल्ल्याने करा, म्हणजे निकालाचा अर्थ लावायला तुम्ही एकट्या राहणार नाही.

ऊतीकडे पाहण्याची ही दृष्टी आता औषधांपर्यंत पोहोचली आहे. टेप्लिझुमॅब हे औषध टी पेशींना आवरते. प्रतिपिंडे आहेत आणि साखर किंचित बिघडली आहे अशा ८ वर्षांवरील व्यक्तींसाठी त्याला अमेरिकेत नोव्हेंबर २०२२ मध्ये मान्यता मिळाली, आणि मुख्य चाचणीत त्याने आजार सुमारे दोन वर्षे लांबवला. २०२३ मधल्या दोन चाचण्या मला ऊतीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाच्या वाटतात. मेलबर्नमध्ये बॅरिसिटिनिब या गोळीने निदान नुकतेच झालेल्यांमध्ये ४८ आठवड्यांनंतर स्वतःचे इन्सुलिन जास्त टिकले. ही गोळी इंटरफेरॉनचा तोच संदेश अडवते, टी पेशीत आणि बीटा पेशीतही. अमेरिकेत निदान नुकतेच झालेल्या मुलांना रक्तदाबाचे जुने औषध वेरापामिल दिले गेले, जे प्रामुख्याने बीटा पेशीचा ताण कमी करते, आणि वर्षअखेरीस त्यांचे सी-पेप्टाइड, म्हणजे शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवते याची खूण, इतरांपेक्षा सुमारे ३० टक्के अधिक होते. २०२५ मध्ये स्वीडनच्या उप्साला इथे एका रुग्णाच्या हाताच्या स्नायूत दात्याच्या बेटपेशी बसवल्या गेल्या. त्यांच्या पृष्ठभागावरच्या एचएलए ओंजळी जनुकीय बदलाने काढून टाकल्या होत्या आणि एक संरक्षक प्रथिन वाढवले होते. प्रतिकारशक्ती दाबणारे एकही औषध न देता त्या १२ आठवड्यांनंतरही जिवंत होत्या आणि इन्सुलिन बनवत होत्या. इन्सुलिनचे प्रमाण अगदी थोडे होते आणि रुग्ण एकच, तरीही बदल फक्त ऊतीत करून हे साधले, हे मी पुन्हा पुन्हा वाचले. यातले वेरापामिल वा बॅरिसिटिनिब मुलाला स्वतःहून सुरू करू नका. त्याचे इन्सुलिन आहे तसेच चालू राहील.

धाकटीच्या बाबतीत प्रतिपिंडांचा निकाल काहीही येवो, तिला अचानक खूप तहान लागू लागली, लघवीला वारंवार जावे लागले, रात्री अंथरूण ओले होणे पुन्हा सुरू झाले किंवा खात असूनही ती वाळू लागली, तर सकाळची वाट पाहू नका. घरात मुलाचे ग्लुकोमीटर आहेच. त्याच दिवशी तिच्या बोटाचे रक्त तपासा, आणि आकडा २०० च्या वर असेल तर त्याच रात्री रुग्णालय गाठा.